अंत्यविधीची आगाऊ तरतूद

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



दरवर्षी या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांचे शिक्षण, वधूवरांचे मेळावे, तरुणांचे उद्योगधंदे अशा आशादायक विषयांवर विचार मांडले जातात. यंदा कार्यकारी मंडळाने मला बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी सुचविलेला विषय ऐकून चिटणीसांच्या चेहऱ्यावर क्षणभर संकोच उमटला. "मेळाव्याचा दिवस आनंदाचा; त्या दिवशी हे अशुभ कशाला?" असे ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे मला अगदीच गैर वाटले नाही. तथापि मी त्यांना नम्रपणे एवढेच विचारले की, सगळी ज्ञाती एकत्र बसते अशी दुसरी वेळ कोणती? ती येते कोणाच्या तरी दारात, खाली मान घालून. आणि त्या वेळी या विषयावर बोलण्याची कोणाचीही प्राज्ञा नसते. तेव्हा तो बोलावयाचा तर आजच बोलला पाहिजे. विषय असा की, आपल्या अंत्यविधीची व्यवस्था आणि त्याच्या खर्चाची तरतूद माणसाने आपल्या हयातीतच करून ठेवावी काय, आणि ठेवावी तर ती कोणत्या रीतीने?

प्रथम अशुभाच्या शंकेचा विचार करू. सोळा संस्कारांपैकी पंधरा संस्कार एखाद्याच्या वाट्याला येतील वा न येतील. सोळावा मात्र चुकत नाही. असे असता मुंजीची तयारी महिनाभर आधी, लग्नाची वर्षभर आधी, आणि अंत्येष्टीची मात्र प्राण गेल्यावर, हा आपला शिरस्ता. या शिरस्त्याला शास्त्राचा आधार आहे असे म्हणावे, तर तोही नाही. आपल्या धर्मग्रंथांत 'जीवच्छ्राद्ध' नावाचा एक विधी सांगितला आहे. बौधायनाच्या गृह्यशेषसूत्रात तो आहे, लिंगपुराणातही आहे. जिवंत माणसाने आपले और्ध्वदेहिक आपल्याच हाताने उरकून घ्यावे, असा तो विधी. संन्यास घेणाराही स्वतःचे श्राद्ध आधी करतो, मग घराबाहेर पडतो. भारतरत्न महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यात अंत्येष्टी, आशौच आणि श्राद्ध यांचे साद्यंत विवेचन आहे, ते जिज्ञासूंनी अवश्य पाहावे. सांगण्याचा हेतू इतकाच की, स्वतःच्या मरणाची तयारी स्वतः करणे आपल्या पूर्वजांना अभद्र वाटत नव्हते.

शास्त्र दूर राहू द्या. आपल्या आज्या-पणज्यांचे काय? माझ्या वयाच्या मंडळींना आठवत असेल की, घरातील वृद्ध स्त्रीची एक लहानशी पेटी असे आणि तिला हात लावण्याची मुलांना बंदी असे. त्या पेटीत काशीहून आणलेला गंगेचा मोहोरबंद गडू, तुळशीची माळ, एक कोरे लुगडे, सोन्याचा बारीकसा मणी, आणि फडक्याच्या गाठीत बांधलेले थोडे पैसे असत. "हे माझ्या दिवसांचे," असे ती सांगे. घरच्या खर्चाला पै कमी पडली तरी त्या गाठीला ती हात लावीत नसे. आपल्या शेवटच्या प्रवासासाठी लेकाने कोणापुढे हात पसरू नये, एवढाच तिचा हेतू. आगाऊ तरतूद ही कल्पना विलायतेतून आलेली नाही. ती आपल्याच माजघरात होती. पेटी गेली आणि तिच्याबरोबर ती कल्पनाही गेली.

आता एक घरची गोष्ट सांगतो. ती सांगण्यात मला भूषण वाटत नाही. पण तिच्यावाचून माझे म्हणणे पुरे होणार नाही.

माझे वडील १९९४ साली पावसाळ्यात गेले. ते आजारी होते, तरी इतक्या लवकर जातील असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. निवृत्तीची रक्कम त्यांनी जपून ठेवली होती. परंतु बचत खाते व मुदत ठेव दोन्ही त्यांच्या एकट्याच्या नावावर. बँकेत पैसा होता, आणि घरात मात्र आठवड्याच्या भाजीपुरते पैसे होते. मी थोरला. पहिल्या दिवसाचा खर्च शेजाऱ्यांनी भागविला. पुढच्या दिवसांसाठी मी एका ओळखीच्या गृहस्थाकडून व्याजाने पैसे काढले. तेराव्याला किती पाने मांडावीत याचा विचार निघाला, तेव्हा कोणी म्हणाले, "अमक्याच्या घरी दोनशे पान झाले होते." दुसरे म्हणाले, "तुमच्या वडिलांनी आयुष्यभर लोकांकडे जेवणे केली आहेत, आता तुम्ही हात आखडता घेणे शोभणार नाही." मला 'नाही' म्हणवेना. त्या वेळी 'नाही' म्हणणे म्हणजे बापावरचे प्रेम कमी होते असे कबूल करणे, असे मला वाटले. तीनशे पान उठले.

दहाव्याचा प्रसंग मी विसरू शकत नाही. नदीकाठी पिंड ठेवले. कावळे झाडावर बसलेले, पण एकही खाली उतरेना. पावसाची भुरभुर चालू होती. आम्ही भावंडे हात जोडून एकेक वचन देऊ लागलो. "आईला अंतर देणार नाही", "घर विकणार नाही", "भाऊ-भाऊ भांडणार नाही". प्रत्येक जण वडिलांच्या मनात काय राहिले असावे याचा अंदाज करीत होता. तासाभराने अखेर दर्भाचा कावळा करून लावला आणि घरी परतलो.

चार महिन्यांनी बँकेसाठी कागद शोधताना वडिलांच्या ट्रंकेत एक वही सापडली. तिच्या शेवटच्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते की, माझ्यामागे जेवणावळ घालू नये. ते पैसे धाकटीच्या शिक्षणाला लावावे. खाली तारीख होती, मृत्यूच्या दोन वर्षे आधीची. तोपर्यंत जेवणावळ होऊन गेली होती, कर्जाचे हप्ते सुरू झाले होते, आणि माझ्या धाकट्या बहिणीने महाविद्यालयाचे दुसरे वर्ष अर्धवट सोडून एका दुकानात हिशेबनिसाची नोकरी धरली होती. ते कर्ज फिटावयास तीन वर्षे लागली. तिचे शिक्षण राहिले ते राहिलेच. ती आज या सभागृहात बसली आहे, आणि तिची परवानगी घेऊनच मी हे बोलत आहे.

त्या दिवसापासून एक विचार माझा पिच्छा सोडीत नाही. माणूस हयात असताना त्याची इच्छा त्याला विचारावयाची नाही, आणि तो गेल्यावर ती कावळ्याला विचारावयाची, ही आपली रीत. वडिलांनी इच्छा लिहिली होती, पण सांगितली नव्हती. पैसा साठविला होता, पण आमच्या हाताला लागेल असा ठेवला नव्हता. सद्हेतू असूनही दोन्ही गोष्टी व्यर्थ गेल्या.

याच्या उलट दुसरा प्रसंग. माझी आत्या २०११ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी गेली. ती शिकलेली बेताची. परंतु तिने देवघराच्या खणात एक मोठा लिफाफा ठेवला होता आणि घरातील प्रत्येकाला, सुनेला आणि जावयालासुद्धा, तो दाखवून ठेवला होता. आम्ही ऐकावयास टाळाटाळ करू लागलो की ती म्हणे, "मी मेल्यावर तुम्ही रडत बसाल, तेव्हा तुम्हांला सुचायचे नाही, आत्ताच ऐकून घ्या." त्या लिफाफ्यात दोन पाने मजकूर आणि थोडे रोख पैसे होते. कोणत्या डॉक्टरांना बोलवावे, कोणाकोणाला कळवावे, अग्नी लेकीने द्यावा, डोळे दान करावे, दहा दिवसांचे विधी करावेत, तेराव्याला घरच्याच माणसांनी जेवावे, आणि उरलेली रक्कम गावच्या शाळेत द्यावी, असा सारा तपशील. लेकीने अग्नी देण्यावरून एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी कुरकुर केली, तेव्हा भावाने तो कागद त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो वाचला, डोळे पुसले आणि म्हणाले, "तिचीच इच्छा असेल तर मी कोण सांगणारा?" तेवढ्यावर तो विषय मिटला. त्या दिवशी आम्हांला काहीही ठरवावे लागले नाही. आम्हांला फक्त रडावयाचे होते.

सज्जनहो, या दोन प्रसंगांतील अंतर केवळ पैशाचे नव्हे. वडिलांजवळ आत्यापेक्षा पैसा अधिक होता. अंतर होते ते निर्णयाचे. मरणाच्या घरी माणसाला मागता येत नाही आणि नाकारताही येत नाही. अशा वेळी त्याच्यावर निर्णयाचा भार टाकणे म्हणजे त्याच्या दुःखावर दंड बसविणे होय. तो भार आधीच उतरवून ठेवणे, हाच आगाऊ तरतुदीचा खरा अर्थ. पैसा हा तिचा दुसरा भाग आहे. पहिला भाग लिहिलेला आणि सर्वांना दाखविलेला कागद.

या कागदात काय असावे, ते आता क्रमाने सांगतो.

पहिली बाब डॉक्टरांची. मृत्यू घरी झाला असता त्याच्या कारणाचे प्रमाणपत्र डॉक्टरांकडून मिळवावे लागते. त्यावाचून स्मशानभूमीत अडचण येते. ज्या वृद्धाला कोणताही डॉक्टर नियमितपणे तपासत नाही, त्याच्या घरच्यांना मध्यरात्री अनोळखी डॉक्टरांच्या दारात उभे राहावे लागते, आणि न पाहिलेल्या रोग्याचे प्रमाणपत्र देण्यास तेही स्वाभाविकच कचरतात. म्हणून वृद्धांनी एका डॉक्टरांकडे प्रकृती दाखवीत राहावे आणि त्यांचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहावा. आपल्या आधारपत्राची प्रत त्यालाच जोडावी. इस्पितळात मृत्यू झाल्यास हे प्रमाणपत्र तेथून मिळते. अपघाताचा किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर मात्र पोलिसांना कळविल्यावाचून काहीही करू नये.

दुसरी बाब नोंदणीची. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाप्रमाणे मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत निबंधकाकडे पोचली पाहिजे. उशीर झाल्यास शुल्क भरावे लागते, आणि वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून नोंद होत नाही. पुढील सर्व व्यवहार, म्हणजे बँक, विमा, निवृत्तिवेतन, घराची नावनोंद, या एका दाखल्यावर अवलंबून असतात. म्हणून आपले पूर्ण नाव, वडिलांचे व आईचे नाव आणि जन्मतारीख आधारपत्रावर जशी आहे तशीच कागदावर उतरवून ठेवावी. नावातील एका अक्षराच्या फरकासाठी महिनेन् महिने खेपा घातलेली कुटुंबे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील.

तिसरी बाब दानाची. नेत्रदान करावयाचे असल्यास मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ते व्हावे लागते. तोपर्यंत पापण्या मिटून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, खोलीतील पंखा बंद करावा आणि डोके उशीने किंचित उंच करावे. देहदानाची सोय आपल्या राज्यात १९४९ च्या शरीरशास्त्र अधिनियमापासून आहे. परंतु अर्ज भरून ठेवला म्हणजे काम झाले असे समजू नये. देह महाविद्यालयाच्या स्वाधीन करावयाचा तो घरच्यांनीच. त्यांची मनापासून संमती नसेल तर तो अर्ज कपाटातच राहतो. काही रोगांनी मृत्यू आल्यास किंवा शवविच्छेदन झाले असल्यास देह स्वीकारला जात नाही. तेव्हा तसे घडल्यास दहन कसे करावे तेही लिहून ठेवावे.

चौथी बाब विधीची. दहन लाकडावर की विद्युत्‌दाहिनीत, अग्नी कोणी द्यावा, अस्थी नाशिकच्या रामकुंडात सोडाव्यात की गावच्या नदीत, दहावा-तेरावा कसा करावा, जेवण घालावे की नाही आणि घातल्यास किती पानांचे, हे स्पष्ट शब्दांत लिहावे. "साधेपणाने करावे" एवढेच लिहू नये. साधेपणाचा अर्थ प्रत्येक काका निराळा लावतो. लाकडावरच्या दहनाला तीनशे ते चारशे किलो लाकूड लागते, म्हणजे जुन्या मापाने आठ ते दहा मण. ज्यांना वृक्षांची कळकळ आहे त्यांनी याचाही विचार करावा. पाठीमागे केवळ मुली असतील किंवा कोणीच नसेल, त्यांनी तर अग्नी देणाराचे नाव अवश्य लिहावे, म्हणजे तिरडी दारात असताना वाद होणार नाही.

हा कागद मृत्युपत्रात घालून ठेवण्याची चूक मात्र करू नये. मृत्युपत्र बहुधा दिवस झाल्यावर उघडतात. आणि बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेला कागद तर त्याहूनही उशिरा हाती येतो. इस्टेटीची वाटणी मृत्युपत्रात असू द्या. अंत्यविधीचा कागद देवघरात असू द्या. त्याच्या दोन प्रती काढून एक विवाहित कन्येकडे वा विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी, आणि दरवर्षी दिवाळीनंतर एकदा काढून वाचावी.

आता पैशाकडे वळू. खर्चाचा हिशेब मांडला तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. पहिल्या दिवशीचा खर्च, म्हणजे शववाहिका, तिरडीचे सामान, वस्त्र, गोवऱ्या, लाकूड किंवा दाहिनीचे शुल्क, हा सर्व मिळून सहसा बेताचाच असतो. पालिकांच्या स्मशानभूमीत तर दाहाचे दर मुद्दामच कमी ठेवलेले असतात. खर्च फुगतो तो पुढील बारा दिवसांत. वृत्तपत्रातील मोठी जाहिरात, पाहुण्यांची उठबस, अस्थिविसर्जनाला निघालेल्या दोन-तीन मोटारी, दानाच्या वस्तू आणि शेवटची पंगत! पहिला खर्च टळत नाही, पण तो लहान आहे. दुसरा मोठा आहे, पण तो आपल्या हातचा आहे. म्हणून तरतुदीचेही दोन भाग करावेत.

पहिल्या भागासाठी घरातच त्या लिफाफ्यात रोख रक्कम असावी, आणि ती इतर कशालाही वापरू नये. आजीच्या गाठीचा नियम तो हाच. दुसऱ्या भागासाठी विश्वासातील व्यक्तीबरोबर संयुक्त खाते उघडावे आणि 'दोघांपैकी कोणीही अथवा मागे राहणारा' अशी सूचना बँकेला लेखी द्यावी. म्हणजे एकाच्या पश्चात दुसऱ्याला व्यवहार करता येतो. दरमहा ५०० रुपये बाजूला टाकले तर पाच वर्षांत व्याज न धरताही ३०,००० रुपये होतात. साधेपणाने करणाऱ्या घराला ही रक्कम मोठा आधार ठरेल.

नॉमिनी नेमला म्हणजे ही सोय झाली, असा एक समज आहे, तो दूर झाला पाहिजे. नॉमिनीने मृत्यूचा दाखला आणि अर्ज दिल्यावर बँक त्याला रक्कम देते. यात दिवस जातात, आणि ज्या दिवशी गरज असते तो दिवस निघून जातो. शिवाय बँकेतील ठेवीपुरता नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, मालक नव्हे. ती रक्कम कायदेशीर वारसांची राहते. तरीही नॉमिनी अवश्य नेमावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीसाठी चार व्यक्तींपर्यंत नावे देता येतात. विम्याचेही तसेच आहे. त्याची रक्कम मागे राहिलेल्यांच्या संसाराला उपयोगी पडते, पण ती तिरडीच्या वेळी हातात येत नाही. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मृताचे एटीएम कार्ड घेऊन मुलाने रातोरात पैसे काढणे हे भावनेने कितीही क्षम्य वाटले तरी नियमाला धरून नाही, आणि पुढे भावंडांत संशयाचे बीज तेथेच पडते.

कायद्यानेही या खर्चाला मान दिला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. १९२५ च्या भारतीय वारसा अधिनियमाच्या ३२० व्या कलमाप्रमाणे मृताच्या मिळकतीतून त्याच्या अंत्यविधीचा वाजवी खर्च सर्व कर्जांच्या आधी भागवावयाचा असतो. 'वाजवी' हा शब्द मात्र आपण लक्षात ठेवावा. ज्याने खर्च केला असेल त्याने प्रत्येक पावती जपून ठेवावी. हिशेब चोख असला की मने चोख राहतात.

येथे सहज प्रश्न येतो की, हे सर्व आपण कशाला करावयाचे? हल्ली मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अंत्यविधीची संपूर्ण व्यवस्था पत्करणारे व्यावसायिक आहेत; त्यांच्यापैकी कोणी आगाऊ रक्कम घेत असेल तर ती भरून मोकळे का होऊ नये? एकाकी वृद्धांना आणि ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांना अशा सेवेचा आधार वाटणे स्वाभाविक आहे, आणि मी तिची निंदा करीत नाही. परंतु सेवा वेळेवर घेणे निराळे आणि तिचे पैसे वीस वर्षे आधी भरणे निराळे. इंग्लंडात अशा आगाऊ योजनांची प्रथा जुनी आहे. तेथे २०२२ च्या मार्च महिन्यात एक मोठी कंपनी बुडाली, आणि सुमारे ४६,००० लोकांनी आपल्या शेवटच्या दिवसासाठी भरलेले पैसे संकटात आले. त्याच वर्षी २९ जुलैपासून तेथील सरकारी वित्तनियंत्रकाने या योजना आपल्या कक्षेत घेतल्या. जेथे हा व्यवसाय रुळलेला आहे तेथे जर ही गत, तर आपण किती सावध असावे!

तेव्हा कोणी अशी योजना घेऊन आल्यास त्याला पाच प्रश्न विचारावेत. आमचे पैसे कोणाच्या नावे आणि कोठे ठेवले जातील? तुमचा व्यवसाय बंद पडला तर ते कोण परत करील? पुढे भाव वाढले तर फरक कोणी द्यावयाचा? मृत्यू परगावी, मुलीच्या घरी झाला तर काय? आणि आमचा विचार बदलला तर किती रक्कम कापून घ्याल? या पाचांची उत्तरे लेखी मिळाली नाहीत तर हात जोडून निरोप द्यावा. इतकी वर्षे ज्याला हात लावावयाचा नाही असा पैसा आपल्याच नावावर, आपल्याच माणसाच्या हाताशी असणे बरे.

याच कारणास्तव आपल्या मंडळानेही सभासदांकडून अशा आगाऊ रकमा स्वीकारू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपले कार्यकर्ते सचोटीचे आहेत, यात शंका नाही. पण आजचा खजिनदार वीस वर्षांनी असेलच असे नाही. मंडळाने करावयाचे ते निराळे. एक लहानसा फिरता निधी देणग्यांतून उभारावा, आणि ज्या घरी अडचण असेल तेथे पहिल्याच दिवशी, न मागता, बिनव्याजी रक्कम पोचवावी. ती सवडीने परत यावी. दाखला, शववाहिका, स्मशानभूमी आणि नोंदणी यांची माहिती असलेले चार कार्यकर्ते प्रत्येक विभागात असावेत, आणि त्यांत दोन भगिनी असाव्यात. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत मी सांगितलेल्या बाबींचा एक कोरा तक्ता छापावा, म्हणजे प्रत्येक घरी तो भरता येईल. इतके झाले तरी पुष्कळ झाले.

शेवटी मी एका अवघड गोष्टीकडे येतो. हे सर्व केले, कागद लिहिला, पैसा ठेवला, तरी एक अडचण उरते. आणि ती अडचण, क्षमा करा, आपण आहोत. माझ्या वडिलांच्या तेराव्याला जी तीनशे पाने उठली ती परक्यांची नव्हती. ती आपल्या ज्ञातीची होती. "दोनशे पान झाले होते" असे मला सांगणारे गृहस्थ दुष्ट नव्हते. ते माझे हितचिंतकच होते. त्यांना वाटले, पोराची अब्रू राहावी. आणि खरे सांगावयाचे तर त्यापूर्वी दुसऱ्यांच्या घरच्या पंगतीत बसून, "जिलबी जरा कमीच केली," असे मीही बोललो होतो. आपण सहज बोलतो, आणि ऐकणारा कर्ज काढतो. माझ्या बहिणीची पुस्तके ज्या बोलण्याने मिटली, त्या बोलण्यात माझाही आवाज होता.

म्हणून आज मी आपल्याकडे वर्गणी मागत नाही, ठरावही मागत नाही. मी एकच वचन मागतो. ज्याने आपली इच्छा लिहून ठेवली आहे, त्याच्या घरी गेल्यावर त्या इच्छेविरुद्ध आपण चकार शब्द काढणार नाही. जेवण नाही म्हणून नावे ठेवणार नाही, लेकीने अग्नी दिला म्हणून कुजबुजणार नाही, आणि जेवण ठेवले म्हणूनही हिणवणार नाही. कारण ज्याला आपल्यामागे चार माणसांनी जेवून जावे असे वाटते त्याचीही इच्छा तितकीच मानाची आहे. कागद लिहिणे हे ज्याचे त्याचे काम. त्या कागदाचा मान राखणे हे ज्ञातीचे काम. दुसरे काम आपण केले नाही तर पहिले कोणी करणार नाही.

माझा स्वतःचा कागद मी लिहिला आहे. तो देवघराच्या खणात, आत्याच्याच लिफाफ्यात आहे, आणि त्याची एक प्रत माझ्या बहिणीकडे दिली आहे. ती देताना मी तिला म्हणालो की, बाबांच्या वहीसारखे याचे होऊ नये. तिने तो वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "दादा, हे तीस वर्षांपूर्वी सुचायला हवे होते." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आपल्यापैकी एकाही घरी असे म्हणण्याची वेळ न येवो, एवढीच श्रीचरणी प्रार्थना करतो.